रात्री किनाऱ्यावरून माकूळ कसं गरवायचं: पाणी बघण्यापासून बर्फाच्या पेटीपर्यंत

दिवाळी झाली की तेच मेसेज सुरू होतात. भाऊ, जिग (कोलंबीच्या आकाराचा नकली चारा) भारीतली घेतली, रात्रभर फेकली, खांदा दुखायला लागला, एक माकूळ (स्क्विड) लागलं नाही. पाणी कसं होतं विचारलं तर "पाणी होतं की". जिग तळाला जायला किती वेळ लागत होता विचारलं तर ते बघितलंच नाही. मग चूक जिगमध्ये पण नाही आणि नशिबात पण नाही, चूक आहे कामाच्या क्रमात. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे माकुळाला मासा समजून गरवणं (गळाने पकडणं). मासा पळत्या चाऱ्यामागे धावतो म्हणून आपल्याला ओढत राहायची सवय लागलेली असते. माकूळ मागून येतं, लांबूनच न्याहाळतं, आणि चारा बुडायला लागला की पुढे येऊन धरतं. जी जिग बुडतच नाही ती ते धरणार कधी?

खालचं सगळं देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि पुढे गोवा या पट्ट्यासाठी लिहिलंय, जेट्टी किंवा खडकावरून, होडी न घेता. मुंबई-रायगडवाल्यांनी वाचावं, पण तिकडे भरती-ओहोटीतला फरक मोठ्या उधाणाला ५ मीटरच्या आसपास जातो, खाड्यांचा चिखल रोज ढवळून निघतो आणि किनाऱ्याजवळ पाणी क्वचितच नितळ असतं. तिथे जिग फेकत बसण्यापेक्षा सुट्टी काढून खाली आलेलं बरं.

१. आधी पाणी बघा, मग बाकी सगळं

माकूळ डोळ्यांनी शिकार करतं. डोळे मोठे, नजर तेज, पण गढूळ पाण्यात तीच नजर काही कामाची नाही. आणि गोडं पाणी त्याला सोसत नाही. त्यामुळे पाऊस संपला की लगेच पळू नका, नद्या-ओहोळ अजून लाल पाणी आणत असतात. ऑक्टोबर तसा कच्चाच, नोव्हेंबर उलटता उलटता पाणी बसायला लागतं, आणि मग डिसेंबर ते फेब्रुवारी-मार्च हा खरा काळ. मध्ये अवकाळी पाऊस झाला तर तीन-चार दिवस थांबा, खाडीच्या तोंडाजवळ तर अजून जास्त. खाडीच्या तोंडाशी गरवायचंच असेल तर भरती चढत असतानाच, कारण तेव्हा समुद्राचं खारं पाणी आत येत असतं. ओहोटीला तिथे खाडीतलं गढूळ पाणी बाहेर येतं.

वाऱ्याचं पण बघून ठेवा. हिवाळ्यात दुपारी खारे वारे जोरात असतात, सूर्य बुडाला की हळूहळू पडतात, आणि रात्र चढली की जमिनीकडून मतलई सुरू होते. म्हणजे संध्याकाळी सहाला समोरून तोंडावर वारा आहे म्हणून वैतागून घरी जाणारे लोक नेमके चुकीच्या वेळी जातात, दीड-दोन तासात तोच समुद्र किनाऱ्यालगत शांत होतो आणि नंतर तर वारा पाठीमागून मिळतो, जिग लांब जाते.

तपासा: उजेड असताना पांढरं झाकण किंवा पांढरी जिग वजन लावून पाण्यात सोडा. २ मीटर खोल जाऊनही दिसतेय तर थांबा, रात्र चांगली आहे. मीटरभरातच गायब झाली तर सामान उघडू पण नका.

२. तिथी बघा, ॲप नंतर

भरतीची वेळ काढायचा आपला जुना हिशोब अजून चालतो, तिथीची पाऊणपट. म्हणजे तिथीचा आकडा गुणिले ३ भागिले ४. अष्टमीला ६ वाजता पूर्ण भरती, द्वादशीला ९ वाजता, सकाळी पण आणि रात्री पण साधारण तेवढ्यालाच. तास-पाऊण तास इकडे तिकडे होतं, म्हणून नक्की वेळ ॲपवर बघा, पण प्लॅन ठरवायला कॅलेंडर पुरतं.

आता यातून काय निवडायचं? मला वद्य पक्षातल्या दशमी, एकादशी, द्वादशी आवडतात. भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान पूर्ण होते, म्हणजे अंधार पडताना पाणी चढत असतं, चंद्र अगदी उशिरा मध्यरात्रीनंतर उगवतो त्यामुळे संध्याकाळभर काळोख मिळतो, आणि अमावस्येच्या उधाणाइतका पाण्याला ओढा पण नसतो. शुद्ध पक्षातल्या याच तिथींना भरतीची वेळ तीच, पण डोक्यावर चंद्र असतो. चांदणं असलं की माकूळ लागत नाही असं नाही, फक्त ते एका जागी गोळा होत नाही, पसरून फिरतं, मग तुम्हाला पण चालत चालत फेकावं लागतं.

उधाणाला ओढा जोरात असतो, जिग वाहत जाते आणि तळ सापडत नाही. भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला) उलट पाणी सुस्त. नवीन माणसाने भांगाच्या बाजूच्याच तिथी घ्याव्यात, जिग हातात राहते. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास, एवढाच वेळ मन लावून गरवा. बाकी वेळात चहा प्या.

३. सामान: थोडंच, पण नेमकं

रॉड ८ ते साडेआठ फुटी, हलकी, टोक नरम. एगी रॉड (खास माकुळासाठीची) असेल तर उत्तमच, नसेल तर घरातली लाइट स्पिनिंग रॉड चालते. जाड, कडक रॉड मात्र नको, तिच्यावर माकूळ लागलेलं कळत पण नाही आणि लागलं तर त्याचे हात तुटून येतात. रील २५०० किंवा ३००० साइज. लाइन ब्रेडेड, पीई ०.६ किंवा ०.८ (हा जाडीचा आकडा), नायलॉन ताणतं त्यामुळे टोकाला झालेली हालचाल हातापर्यंत येतच नाही. पुढे फ्लोरोकार्बनचा लीडर (लाइन आणि जिगच्या मधला तुकडा), १० ते १५ पौंड, मीटर-दीड मीटर. खडकाळ जागा असेल तर थोडा जास्त ठेवा.

जिगच्या साइजचा लोक फार घोळ घालतात. २.५, ३.० आणि ३.५ या साइज दुकानात मिळतात, अंदाजे १०, १५ आणि २० ग्रॅम. व्हिडिओ बघून सगळे ३.५ घेऊन येतात, ते व्हिडिओ जपान-ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या माकुळांचे असतात. आपल्या किनाऱ्यावर जे नेहमी लागतं ते लहान चणीचं असतं, २.५ पासून सुरू करा. वारा किंवा ओढा असेल तर ३.०. साडेतीनची एखादी ठेवा खोल पाण्यासाठी, पण पहिली जिग ती नको.

रंग तीनच पुरतात: पाठ केशरी किंवा गुलाबी आणि आत लाल पट्टी, एक सोनेरी पट्टीवाली, आणि एक अंधारात चमकणारी. माकुळाला रंग आपल्यासारखे दिसत नाहीत, त्याला गडद-फिकट जास्त कळतं. केशरी-गुलाबी हे आपल्या सोयीसाठी आहे, टॉर्चमध्ये जिग कुठे आहे ते आपल्याला दिसावं म्हणून. काळोखात लाल पट्टी गडद सावलीसारखी उठून दिसते, किंचित गढूळ पाण्यात सोनेरी, आणि कुठल्यालाच दाद नाही दिली तर चमकणारी. वीस रंगांची पेटी घेऊन फिरणारे लोक गरवण्यापेक्षा जिग बदलण्यात रात्र घालवतात.

बाकी: जिग अडकवायचं छोटं स्नॅप (जड स्विव्हल नको, जिगचं नाक खाली जातं आणि तिचा तोल बिघडतो), लांब दांडीची जाळी, हेडलॅम्प, जाड झिपवाल्या पिशव्या, बर्फाची पेटी, जुना टॉवेल, बांबूची टोकदार काडी किंवा स्क्रू ड्रायव्हर, पाण्याची बाटली. आणि लाइफ जॅकेट. खडकावर जाणार असाल तर लाइफ जॅकेट नाही तर जाणं नाही, एवढं सोपं ठेवा.

रॉड नसेल तर? जेट्टीवर दिव्याखाली ३-४ मीटर पाणी असेल तर नायलॉनच्या रिळावर जिग लावून हाताने सोडून पण माकूळ लागतं. नियम तेच, खाली सोडा, उचला, थांबा.

तपासा: ड्रॅग (किती जोर आला की रील लाइन सोडेल ते) घरीच लावून जा. अर्धा लिटरची भरलेली पाण्याची बाटली स्नॅपला लटकवा आणि रॉडने उचला. बाटली उचलताना रील हळूच सुटायला लागली पाहिजे. सुटतच नसेल तर सैल करा, बाटली जागची हलतच नसेल तर थोडी घट्ट.

४. उजेडात जाऊन जागा बघा

ही पायरी सगळे गाळतात. ऑफिस सुटल्यावर अंधारात पोचायचं आणि जिथे गाडी लागली तिथे उभं राहायचं. सूर्य बुडायच्या निदान तासभर आधी पोचा आणि रॉड गाडीतच ठेवून नुसते फिरा.

जेट्टीवर सिमेंटवर काळे-तपकिरी डाग शोधा. माकुळाने वर आल्यावर सोडलेली शाई आहे ती. जिथे डाग दाट तिथे लोकांना माकूळ लागलेलं आहे, यापेक्षा खरी बातमी कोणी देत नाही. डाग नुसते फिकट धुतलेले असतील तर जुने, गडद आणि चकचकीत असतील तर एक-दोन रात्रींपूर्वीचे. मग खाली बघा: नुसती वाळू असेल तर फार आशा नाही, खडक, शेवाळ, वाळू आणि खडकाची सीमा, जेट्टीचे खांब, हे असलं की माकुळाला दबा धरायला जागा. लहान मासे थव्याने फिरताना दिसले तर ती जागा पक्की.

खडकावर असाल तर अजून दोन गोष्टी. एक, पंधरा मिनिटं नुसत्या लाटा बघा. समुद्र शांत दिसतो आणि मग मध्येच दोन-तीन मोठ्या लाटा लागोपाठ येतात, त्यांनी जो खडक भिजला तो तुमचा नाही. दुसरी, येताना ज्या घळीतून किंवा खाचेतून चालत आलात ती भरतीला पाण्याखाली जाते का ते बघा. आपण चढत्या भरतीला गरवतोय हे विसरू नका, समोर मजा चाललेली असते आणि पाठीमागचा रस्ता गेलेला असतो.

सावध: शेवाळावर स्लीपर घालून जाऊ नका, आणि खडकाला कालवं असतात, हात टेकवला तरी कापतात. एकट्याने तर नकोच.

अजून एक. जेट्टी ही मच्छीमारांची कामाची जागा आहे. होड्यांचे दोर, लावलेली जाळी, माल उतरवायची जागा सोडून उभं राहा, विचारून उभं राहिलात तर तेच लोक कुठे पाणी खोल आहे ते सांगतात. काही बंदरांवर रात्री बाहेरच्यांना सोडत नाहीत, ते आधीच विचारा. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे, तिकडे गरवायला जाऊ नका, किनारा मोठा आहे.

५. दिवा कुठे, आपण कुठे

दिव्याचं गणित असं: उजेडाला बारीक जीव येतात, त्यांच्यामागे लहान मासे येतात, त्यांच्यामागे माकूळ. पण माकूळ उजेडाच्या मधोमध येत नाही, ते अंधारात राहून उजेडाच्या कडेकडे बघत असतं. म्हणून जिग दिव्याखालच्या चकचकीत पाण्यात नाही तर उजेड आणि अंधार जिथे मिळतात त्या रेषेच्या पलीकडे टाकायची, आणि बुडवत बुडवत त्या रेषेवर आणायची. जेट्टीच्या स्वतःच्या सावलीची कडपण धरा, खांबाजवळची.

आपला हेडलॅम्प पाण्यावर मारायचा नाही. गाठ बांधताना, माकूळ काढताना समुद्राकडे पाठ... नाही, खडकावर पाठ कधीच करू नका, तोंड बाजूला वळवा आणि लाल उजेड लावा. सारखा सारखा पांढरा झोत पाण्यावर फिरवणारा एक मित्र बरोबर असला की सगळ्यांची रात्र गेली. चमकणाऱ्या जिगला टॉर्चने दहा-वीस सेकंद उजेड द्या, तोपण पाठीआड.

मोठे एलईडी पाण्यात सोडून बसायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका. एलईडी लावून मासेमारीला केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातलीय, तो नियम मोठ्या बोटींसाठी आला हे खरं, पण सिंधुदुर्गात छोट्या मच्छीमारांचा या विषयावर इतका राग आहे की किनाऱ्यावर झगझगीत दिवे लावून बसलेला पाहुणा कोणालाच आवडत नाही. जेट्टीचा जो दिवा आहे तो पुरतो.

६. फेका आणि मोजा

फेकल्यावर रीलची बेल (लाइन अडवणारी वळती तार) लगेच बंद करू नका. लाइन सुटू द्या आणि मनात आकडे मोजा. नेहमीची जिग मीटरभर बुडायला ३ ते ४ सेकंद घेते, पाकिटावर लिहिलेलं असतं. लाइन जाता जाता एकदम ढिली पडून थांबली की तळ आला. समजा पंधराला तळ लागला, तर पुढच्या फेकीला बारा-तेराला थांबायचं, म्हणजे जिग तळाच्या जरा वर राहते आणि खडकात अडकत नाही. भरती चढतेय तसा आकडा वाढतो, दर अर्ध्या तासाने परत मोजा.

इथेच निम्मी माणसं चुकतात. पाण्यात पडल्या पडल्या गुंडाळायला सुरुवात, जिग वरच्या हातभर पाण्यातून सरळ परत येते, आणि माकूळ तळाजवळ बसून बघत राहतं. रात्र चढली की ते वरपण येतं, दिव्याजवळ तर खूपच वर. पण सुरुवात तळापासून करा, तिथे काही नसेल तर पुढच्या फेकींना मध्यावर थांबा, मग वरच्या थरात. ज्या आकड्याला पहिलं लागलं तो आकडा धरून ठेवा, बहुतेक बाकीची पण त्याच खोलीवर असतात.

अडकली तर रॉड वाकवून खेचू नका, रॉड तुटते. लाइन सैल सोडा, बाजूला दहा पावलं चाला आणि उलट्या दिशेने हलकेच झटके द्या, किंवा लाइन ताणून बोटाने ओढून एकदम सोडा. बरेचदा सुटते. नाहीच सुटली तर लाइन हाताला गुंडाळू नका, ब्रेडेड कातडी कापते, टॉवेलवर गुंडाळून सरळ मागे चालत तोडा.

७. झटका, आणि मग थांबणं

तळाजवळ जिग आली. आता बेल बंद, सैल लाइन गुंडाळून घ्या, रॉडचं टोक पाण्याकडे. तिथून टोक वर, दोनदा किंवा तीनदा, टक टक, प्रत्येक वेळी मध्ये लाइन जराशी गुंडाळायची. जिग पाण्यात वर उसळते, कोलंबी घाबरून उडते तशी. हे झाल्यावर टोक परत हळूच खाली आणा, लाइन ना ताठ ना ढिली, नुसती सरळ राहील इतपत, आणि थांबा. सहा सेकंद तरी, आठ-दहा झाले तर अजून चांगलं. जिग नाक खाली करून बुडत असते. माकूळ येतं ते याच वेळी.

आणि हेच कोणाला जमत नाही. हातात रॉड आली की हात चालत राहतो. झटका, झटका, झटका, गुंडाळ, झटका. माकुळाच्या बाजूने विचार करा, ते पाठलाग करत आलंय, दोन लांब हात पुढे काढून धरायच्या बेतात आहे आणि तेवढ्यात चारा उडून गेला. एकदा येईल, दोनदा येईल, मग जाईल. थांबताना हात चुळबुळत असेल तर तोंडाने आकडे मोजा.

रात्री झटके दिवसाइतके मोठे पण नकोत. दिवसा माकुळाला लांबून दिसायला हवं म्हणून जिग उंच उडवतात. काळोखात ते जवळ असतं, एवढी उंच गेली की त्याच्या नजरेतूनच जाते. छोटे उचके, लांब थांबणं. काही लागतच नसेल तर झटके पूर्ण बंद करून फक्त रॉड हळू वर उचला आणि परत बुडू द्या, थंड रात्री हे बऱ्याचदा चालतं.

तपासा: जिग पायाशी आली की लगेच उचलू नका. मागे मागे आलेलं माकूळ शेवटच्या दोन मीटरमध्ये धरतं. हेडलॅम्प लावायचा असेल तर आता नको. जिग परत पाच-सहा सेकंद बुडवा, मग काढा.

८. लागलं कसं कळतं

माशासारखा टकटक ठोसा लागेल म्हणून वाट बघत बसलात तर कळणारच नाही. चार खुणा आहेत. लाइन बुडता बुडता मध्येच थांबली, म्हणजे तेराला थांबायला हवी होती ती आठलाच थांबली. लाइन एका बाजूला सरकली. लाइन एकदम ढिली पडली, कारण माकूळ जिग घेऊन तुमच्याकडे आलं. किंवा उचलताना टोकाला नुसतं जड वाटलं, पाण्यातली प्लास्टिकची पिशवी अडकल्यासारखं. यातलं काहीही झालं तर रॉड उचला.

उचला म्हणजे हिसका नाही. जिगच्या मागे काट्यांचे दोन मुकुट असतात, त्यांना उलटा दात नसतो, आणि माकुळाचे हात मऊ. जोरात हिसकलं तर एखादा लांब हात तुटून जिगला लटकून येतो. रॉड दमाने आणि ठामपणे वर, एकदाच, आणि वजन लागलं की गुंडाळायला सुरू.

सुटलं तरी जिग लगेच वर काढू नका. तिथेच बुडू द्या, तेच किंवा बरोबरचं दुसरं परत धरतं.

९. ओढताना एकच नियम

लाइन ढिली पडता कामा नये. काट्याला दात नाही म्हटलं ना, ढिल दिली की सुटलं. रॉड वर करून खाली करत गुंडाळणं, जे मोठ्या माशाला करतात, ते इथे नाही. रॉड एका कोनात धरा आणि सावकाश एकसारखं गुंडाळत राहा. माकूळ पाण्याची पिचकारी मारत झटक्याझटक्याने मागे जातं, तेव्हा ड्रॅग सुटेल, सुटू द्या, हात थांबवू नका. ड्रॅगचा आवाज ऐकून घाबरून घट्ट करणारे सगळ्यात जास्त माकुळं घालवतात.

१०. वर घेणं

पायाशी आल्यावर पण त्याला थोडं पाण्यातच ठेवा, शाई आणि पाणी तिथेच सोडू द्या, नाहीतर ते सगळं तुमच्या शर्टवर. शर्टावरची माकुळाची शाई जात नाही, जुने कपडे घालून या.

जाळी समोरून डोक्याकडे नेऊ नका. माकूळ घाबरलं की शेपटीच्या दिशेने, उलटं सुटतं. जाळी शेपटीमागे पाण्यात आधीच ठेवा आणि त्याला तिच्यावर आणा, ते स्वतःच आत जातं. जेट्टी उंच असेल आणि जाळी पोचत नसेल तर लहान माकूळ रॉडने न थांबता, न झुलवता एका दमात वर घ्या, पाव किलोच्या पुढचं असेल तर तसं करू नका, हात तुटून पडेल.

सावध: जाळीत आलेलं काहीही टॉर्च लावून बघितल्याशिवाय हाताने धरू नका. उजेडाजवळ समुद्रसाप येतात, आपल्या किनाऱ्यावर ते दुर्मिळ नाहीत आणि विषारी असतात. लाइनला जेलीफिशचे धागे पण चिकटून येतात, ओल्या लाइनवर बोटं फिरवून मग डोळे चोळले की रात्र संपली. माकुळाचं तोंड हातांच्या मधोमध असतं, आत पोपटासारखी चोच आहे, चावते. धडाला मागून धरा आणि त्याचं तोंड माणसांकडे करू नका.

तळहातापेक्षा छोटं असेल तर पाण्याजवळ वाकून सोडून द्या. शेवाळाला किंवा दोराला पांढऱ्या बोटांसारखे अंड्यांचे झुबके दिसले तर ती जागा सोडून पुढे जा.

मध्येच: फ्लोटची सोपी पद्धत

मुलं बरोबर असतील किंवा झटके जमतच नसतील तर रात्री चमकणारी काडी लावलेला फ्लोट घ्या, त्याखाली चारा बांधायची जिग, वर छोटी तारली किंवा कोलंबी तारेने बांधलेली. चारा तळापासून मीटरभर वर राहील अशी खोली लावा, म्हणजे आधी नुसतं वजन सोडून खोली मोजून घ्या. फ्लोट सरकला किंवा हळूच बुडाला की घाई नको, पाच-दहा सेकंद जाऊ द्या, मग सैल लाइन भरून घेऊन दमाने उचला. फ्लोट वाऱ्यावर भटकतो म्हणून मतलई जोरात असताना ही पद्धत नको.

११. मारा, पिशवी, बर्फ, याच क्रमाने

पकडल्यावर पेटीत तसंच टाकलं की ते शाई सोडत तडफडत मरतं, पेटीतलं सगळं काळं होतं. लगेच मारा. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध टोकदार काडी खुपसा, धडाच्या दिशेने तिरपी केली की धड एकदम पांढरं पडतं, मग काडी न काढता हातांच्या दिशेने वळवली की डोकं आणि हात पांढरे पडतात. दोन्ही पांढरं झालं म्हणजे काम झालं. अंगावरचे ठिपके अजून हलताना दिसत असतील तर नेम चुकला, परत करा.

मग झिपच्या पिशवीत, हवा काढून, आणि पिशवी बर्फावर. उघडं माकूळ बर्फावर किंवा बर्फाच्या वितळलेल्या पाण्यात टाकू नका, गोडं पाणी लागलं की मांस पांढरट, पिचपिचीत होतं आणि चव धुतली जाते. धुवायचंच तर तिथेच समुद्राच्या पाण्याने, जेट्टीची डिझेल तरंगणारी बाजू सोडून.

घरी साफ करताना आत पारदर्शक प्लास्टिकसारखी काडी निघाली तर ते नळ्याचं माकूळ, आणि पांढरं खडूसारखं समुद्रफेन निघालं तर तो त्याचा रुंद भाऊबंद. दोन्ही चांगलेच, फक्त दुसऱ्याचं मांस जाड, थोडं जास्त चिरा द्या. डोकं हळू ओढलं की आतलं सगळं एकत्र येतं, शाईची चंदेरी पिशवी फुटू न देता काढा. चोच बोटाने दाबून काढा. शिजवताना एक तर कडक आचेवर दोन मिनिटं, नाहीतर सुक्यासाठी मंद आचेवर अर्धा तास आणि पुढे. दहा मिनिटं शिजवलं की चिवट, आणि मग लोक म्हणतात माकूळ असंच असतं.

१२. त्याच रात्री, झोपायच्या आधी

जिग गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, कापडावरची शाई आणि मीठ निघून जाईल, मग सावलीत वाळवा. काट्यांच्या मुकुटावरून अंगठ्याचं नख हलकेच फिरवा: जो काटा नखावर अडकत नाही, नुसता घसरतो, तो बोथट झाला. पक्कडीने वाकलेले काटे सरळ करा, दोन-तीन बोथट असतील तर ती जिग फ्लोटसाठी ठेवा. रीलवर गोड्या पाण्याचा फवारा, जोराची धार नको, मीठ आत जातं. लीडरचा पहिला हातभर बोटातून ओढून बघा, खरखरीत लागला तर तेवढा कापून नवी गाठ आत्ताच मारून ठेवा. उद्या जेट्टीवर अंधारात, वाऱ्यात, थंड बोटांनी ती गाठ नीट बसत नाही.